पिवळ्या कॅलिपरचा सोस

सोलापुरात राहणाऱ्या आणि सोलापूर-पुणे, सोलापूर-हैदराबाद याच रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्या माणसाने स्पोर्ट्स कार घेताना सिरॅमिक ब्रेकसाठी जादा पैसे मोजू नयेत. मोजत असेल तर तो नागवला जातो आहे, आणि त्याला तसा सल्ला देणारा एकतर अडाणी आहे किंवा लबाड. हे मी गुळमुळीत बोलणार नाही. ब्रेकचे काम करता करता माझे केस पांढरे झाले. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन या सगळ्यांबद्दल मिळून जेवढी खुळचट मते कानांवर आली नसतील, तेवढी गेल्या काही वर्षांत एकट्या ब्रेकबद्दल आली.

सोलापुरात स्पोर्ट्स कार घेतो तरी कोण, असे पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटेल. घेतात. टॉवेल-चादरीच्या धंद्यातून, बांधकामातून, साखरेतून, द्राक्षा-डाळिंबातून इथे पैसा आला आहे आणि त्यातला थोडा अशा गाड्यांत जातो. शोरूम पुण्याला, मुंबईला नाहीतर हैदराबादला. गाडी मात्र होटगी रोडच्या नाहीतर विजापूर रोडच्या फाटकाआड येऊन उभी राहते. घ्यावी, माझी हरकत नाही. चांगल्या गाडीची ओढ असणे हा गुन्हा नव्हे आणि स्वतःच्या कमाईतून कोणी ती पुरी करत असेल तर नाक मुरडणारे आपण कोण? माझे भांडण आहे ते सामान निवडताना अक्कल गहाण ठेवण्याशी. आणि ब्रेक हे सामान असे आहे की त्यातल्या चुकीची किंमत रस्त्यावरून चालणारा दुसराच कोणी देऊ शकतो.

परवा एक मुलगा वर्कशॉपमध्ये आला. त्याच्या वडिलांच्या गाड्या मी पहिल्यापासून बघतो. पोराने धंदा वाढवला, आता गाडी बुक करायची आहे. मोबाईलवर गाडीचे चित्र, शेजारी रंग, सीट, चाके आणि ब्रेक निवडायची यादी.

“काका, ब्रेक सिरॅमिकच घ्यावं म्हणतोय. सगळे म्हणतेत, इथल्या उन्हात लोखंडाचे टिकत नाहीत की ओ.”

“ट्रॅकवर नेणार आहेस गाडी?”

“नाही हो. पुण्याला जाऊन येणार. कधी गोवा, कधी हंपी.”

“मग घेऊ नकोस.”

तो गप्प झाला. मग खरे कारण बाहेर आले. “पण काका, साधे घेतले तर कॅलिपर लाल येतेत. पिवळे मिळत नाहीत.”

पोर प्रामाणिक होते म्हणून बोलले. बाकीचे बोलत नाहीत, एवढाच फरक. कॅलिपर म्हणजे डिस्कवर पॅड दाबून धरणारा भाग. पोर्शच्या गाडीत चाकाच्या आऱ्यांमधून दिसणारा पिवळा कॅलिपर म्हणजे आत सिरॅमिक डिस्क आहे ही खूण. ही खूण चारचौघांना दिसावी म्हणून माणसे लाखांनी रुपये देतात. आणि ज्यांना लाख परवडत नाहीत ते साध्या हॅचबॅकच्या ब्रेकवर प्लॅस्टिकचे लाल-पिवळे कव्हर चिकटवून घेतात. त्या कव्हरआड वारा अडतो, उष्णता कोंडते, तरीही दुकानदार ते विकतो आणि गिऱ्हाईक घेतो. ब्रेक हा गाडीचा दागिना आहे ही समजूत एकदा डोक्यात बसली की पुढचा सगळा मूर्खपणा तिथूनच सुरू होतो.

आधी गोंधळ निस्तरू. बाजारात ‘सिरॅमिक ब्रेक’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू फिरतात. एक म्हणजे सिरॅमिक पॅड. हे कोणत्याही साध्या गाडीच्या लोखंडी डिस्कवर बसतात, आवाज कमी करतात, चाकावर काळी भुकटी कमी पाडतात आणि काही हजारांत मिळतात. दुसरी वस्तू म्हणजे कार्बन-सिरॅमिक डिस्क. अख्खी डिस्कच वेगळ्या पदार्थाची, आणि तिचा खर्च लाखांत. पहिलीचे पैसे देऊन दुसरी मिळाली असे समजणारे गिऱ्हाईक मी पाहिले आहेत, आणि पहिलीचे गुण सांगून दुसरी गळ्यात मारणारे विक्रेतेही. उलट बाजूला ज्याला सगळे ‘स्टीलचे ब्रेक’ म्हणतात त्या गाडीच्या डिस्क स्टीलच्या नसतात, बिडाच्या असतात. ओतीव लोखंड. त्याच्या पोटात ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांचे जाळे असते. ते उष्णता झपाट्याने पसरवते आणि डिस्कची थरथर पोटात घेते. म्हणून कित्येक दशके सगळ्या जगाने ब्रेकसाठी हाच धातू धरून ठेवला आहे.

बिडाला हिणवण्याचा अधिकार निदान आपल्या मुलखाला नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली ती लोखंडी नांगराच्या जोरावर. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या वाहन कारखान्यांना ओतीव माल पुरवतात. आणि खुद्द सोलापुरात १९९२ मध्ये सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी बिडाचेच कॅमशाफ्ट ओतून देशोदेशीच्या मोटार कंपन्यांना पाठवते. ज्या गावात ओतलेला शाफ्ट परदेशी इंजिनाच्या पोटात जाऊन फिरतो, त्या गावातल्या माणसाने ‘लोखंड काय, जुनाट’ म्हणून तोंड वाकडे करावे याचा मला मनापासून राग येतो.

आता उन्हाचा मुद्दा. सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये चव्वेचाळीसला जाऊन टेकतो, डांबर मऊ होते, दुपारी रस्त्यावर कुत्रे दिसत नाही, हे सगळे खरे. पण ब्रेकच्या डिस्कला त्या उन्हाचे सोयरसुतक नसते. हिशेब कागदावर मांडा. दीड हजार किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरने जात असेल तर तिच्या अंगात साधारण ५८० किलोज्यूल ऊर्जा असते. गाडी थांबवायची म्हणजे ही ऊर्जा उष्णता करून डिस्कमध्ये ओतायची. त्यातला सुमारे सत्तर टक्के भार पुढच्या चाकांवर येतो. पुढच्या दोन डिस्क मिळून वीस किलो बीड धरू; स्पोर्ट्स कारमध्ये बहुधा याहून जास्तच असते. तर शंभरावरून शून्यावर कचकन मारलेल्या एका ब्रेकमध्ये या डिस्कचे सरासरी तापमान चढते चाळीसेक अंशांनी. फक्त चाळीस. मे महिन्याच्या दुपारी डिस्क मुळात पन्नासवर असली तर ती नव्वदवर जाईल, आणि गाडी पुन्हा चालू लागली की मधल्या फटींतून खेळणाऱ्या वाऱ्याने निवायलाही लागेल. बिडाची चांगली डिस्क पाच-सहाशे अंशांवर तक्रार न करता काम करते. नव्वद कुठे आणि सहाशे कुठे! पुण्याच्या उन्हात आणि सोलापूरच्या उन्हात जो थोड्या अंशांचा फरक आहे तो या हिशेबात कुठे शोधायचा ते ‘इथल्या उन्हात टिकत नाहीत’ म्हणणाऱ्याने मला दाखवावे.

घाटाचे नाव घेणारेही भेटतात. सोलापूरच्या आसपास घाट म्हणजे तुळजापूरचा. दीड हजार किलोची गाडी शंभर मीटर खाली उतरली की ब्रेकला आणि इंजिनाला मिळून साधारण दीड हजार किलोज्यूल पचवावे लागतात, म्हणजे शंभरावरून मारलेले अडीच ब्रेक. तेही काही मिनिटांत पसरलेले. खालचा गिअर टाकला की त्यातला मोठा वाटा इंजिनच खाते. त्याच घाटातून ऊस नाहीतर सिमेंट भरलेले ट्रक ड्रम ब्रेकवर उतरतात. त्यांच्या ड्रायव्हरला घाट उतरण्याचे शास्त्र येते, आणि दोन-तीन कोटींची गाडी घेणाऱ्याला ते शिकण्याऐवजी डिस्क विकत घ्यावीशी वाटते.

मग सिरॅमिक बनवले कशासाठी? त्याचे उत्तर द्यायला मी कचरत नाही, कारण वस्तू अव्वल आहे. कार्बनचे तुकडे केलेले तंतू राळेत मिसळून साच्यात दाबतात, हवा लागू न देता हजारएक अंशांवर भाजून त्या राळेचा कोळसा करतात आणि मग त्या सच्छिद्र चकतीत वितळलेले सिलिकॉन मुरवतात. सिलिकॉन वितळायलाच १,४१४ अंश लागतात. एक डिस्क हातात यायला आठवडे जातात. म्हणून ती महाग, त्यात कोणाची लूट नाही. २००१ च्या सुमारास पोर्शने ९११ जीटी२ वर ही डिस्क दिली, २००२ मध्ये फेरारीच्या एन्झोवर ती आली, आणि आज फेरारीच्या गाड्यांत ती मुळातच बसवलेली असते, निवडीचा प्रश्नच येत नाही. वजन बिडाच्या जवळपास निम्मे. ती गंजत नाही. आणि ताशी अडीचशेवरून ऐंशीवर, पुन्हा अडीचशे, पुन्हा ऐंशी, असे फेरीमागून फेरी करत राहिलात तरी ती वाकडी होत नाही. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, त्यामुळे ट्रॅकवर दर वळणाआधी डिस्कमध्ये जी आग ओतली जाते तिची रस्त्यावर कल्पना येत नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, चेन्नईजवळच्या ट्रॅकवर किंवा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर जो माणूस नेमाने गाडी नेतो आणि चाके-पॅड बदलायला माणूस सोबत ठेवतो, त्याने सिरॅमिकचा विचार जरूर करावा.

आणि त्यानेसुद्धा एक गोष्ट आधी ऐकावी. जीटी३ वर्गाच्या शर्यतीच्या गाड्या, ज्या स्पाच्या आणि न्युर्बुर्गरिंगच्या चोवीस तासांच्या शर्यती पळतात, त्या लोखंडी डिस्कवर पळतात. नियमच तसा आहे. रात्र-दिवस, पावसात, उन्हात, पट्टीच्या ड्रायव्हरांच्या पायाखाली हे बीड लाल होईपर्यंत तापते, निवते, पुन्हा तापते आणि गाडी पहिली येते. तो ब्रेक चोवीस तासांच्या शर्यतीला चालतो आणि सोलापूरहून मोहोळपर्यंत चालत नाही? जगभरातले कितीतरी हौशी ट्रॅकवाले मूळ सिरॅमिक डिस्क काढून घरी ठेवतात आणि ट्रॅकसाठी लोखंडी बसवतात. कारण ट्रॅकच्या आगीत सिरॅमिकमधला कार्बन हळूहळू जळून जातो आणि नव्या डिस्कचा आकडा ऐकून त्यांचेही डोळे पांढरे होतात.

फॉर्म्युला वनमध्ये कार्बन वापरतात म्हणून आम्हीही घेतो, असे म्हणणाऱ्याला तर उत्तर देण्याचीही इच्छा होत नाही. तिथला ब्रेक कार्बन-कार्बनचा, तो वेगळा पदार्थ. शेकडो अंशांपर्यंत तापल्याशिवाय तो धड पकडतही नाही. रस्त्यावरच्या गाडीची कार्बन-सिरॅमिक डिस्क थंडीतही चालते. ‘थंड असताना सिरॅमिक लागतच नाही’ ही अफवा आमच्या बाजूचे लोक पसरवतात, तीही खोटीच. लोखंडाची बाजू घ्यायला मला थापांची गरज नाही.

आता मूळ मुद्दा. गाडी ब्रेकने थांबत नाही. ब्रेक चाक थांबवतो; गाडी थांबवतो तो टायर. जोरात ब्रेक मारल्यावर पेडलखाली जी थरथर जाणवते ती एबीएसची, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची. ती थरथर आली याचा अर्थ ब्रेकची ताकद टायरच्या पकडीला भारी पडली आहे आणि यंत्रणेला ब्रेक सोडावा लागतो आहे. आजच्या कुठल्याही स्पोर्ट्स कारचा लोखंडी ब्रेक शंभराच्या वेगाला पहिल्याच दाबात एबीएस आणतो. म्हणजे ताकद आधीच जरुरीपेक्षा जास्त आहे. मग त्याहून ताकदवान ब्रेक घेऊन तुम्ही एक मीटरही आधी थांबणार नाही. हे भौतिकशास्त्र शाळेतले आहे. शोरूममध्ये कोट घालून बसलेल्या माणसाला ते माहीत नसते असे नाही, पण सांगण्यात त्याचे कमिशन बुडते.

सोलापूरच्या रस्त्यावर याचा अर्थ काय ते सांगतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांचे धुराडे पेटले की मार्चपर्यंत या जिल्ह्याचा प्रत्येक रस्ता उसाचा होतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर दोन्ही बाजूंना लोंबणारा ऊस, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. सगळे ओझे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांनी थोपवायचे. अशी ट्रॉली रात्री टेंभुर्णीच्या अलीकडे समोर येते तेव्हा लो बीमच्या उजेडात ती दिसते पन्नास-साठ मीटरांवर. ताशी १०० च्या वेगात तुम्ही सेकंदाला अठ्ठावीस मीटर जाता. डोळ्याने पाहून पाय पेडलवर जायला एक सेकंद धरा, ते अठ्ठावीस मीटर गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरने थांबायला आणखी चाळीसेक. बेरीज सदुसष्ट-अडुसष्ट. म्हणजे तुम्ही ट्रॉलीखाली आहात, मग डिस्क बिडाची असो की कार्बनची. हीच गाडी ८० ने आली असती तर बावीस आणि पंचवीस, सत्तेचाळीस मीटरांत ती उभी राहिली असती. वीस किलोमीटरचा वेग कमी केला की वीस मीटर वाचतात. लाखोंच्या डिस्कला जे जमत नाही ते उजव्या पायाला जमते. २०१८ च्या अधिसूचनेने चौपदरी महामार्गावर मोटारीला कमाल १०० ची मर्यादा घातली. रात्री, गळिताच्या हंगामात, मी तेवढ्याने जाणाऱ्यालाही वेडा म्हणेन.

आणि टायर? इथे मला खरा संताप येतो. स्पोर्ट्स कार वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालते, एरवी शेडमध्ये उभी. नक्षी जशीच्या तशी राहते म्हणून मालक टायर बदलत नाही. पण रबर पडून पडून कडक होते, आणि आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. हे वाचायला चष्म्यापलीकडे काही लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या महागड्या गाड्यांचे टायर मी आधी वाचतो, आणि मालकाला आकडा दाखवला की उत्तर येते, “अहो, गोट्या अजून नवीन दिसतायत की.” नखाने दाबून बघा मालक. नख रुतत नाही. या कडक रबरावर सिरॅमिक ब्रेक लावून तुम्ही एबीएस जरा आधी थरथरवाल, दुसरे काही होणार नाही.

दुसरा चोर ब्रेक ऑईल. याबद्दल कोणी बोलत नाही कारण ते दिसत नाही आणि चमकत नाही. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑईल किमान २३० अंशांवर उकळते. ओलावा मुरला की ती मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ ची तर २०५ वरून १४०. कॅलिपरमध्ये ऑईल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल सरळ पाटापर्यंत जाते आणि चाकाला काहीच पोहोचत नाही. एका गाडीचे मालक खंडाळ्याचा घाट उतरताना असे मरता मरता वाचले. गाडी टोईंगवर माझ्याकडे आली. त्यांचे पहिले वाक्य होते, “लोखंडाचे ब्रेक दगा देतात, सिरॅमिक बसवा.” मी टाकीचे झाकण उघडले. आतले ऑईल काळपट तपकिरी, तळाला गाळ. सर्व्हिसबुकात ब्रेक ऑईल बदलल्याची शेवटची नोंद आधीच्या मालकाच्या काळातली. कॅलिपरचे निपल सोडले तर चारही चाकांतून तोच काढा बाहेर आला. डिस्क मोजल्या, त्या उत्तम होत्या. नवे ऑईल, नवे पॅड, हवा काढली, पेडल दगडासारखे कडक. दोन वर्षांतून एकदा बदलायची वस्तू, खर्च काही हजार. हीच हलगर्जी सिरॅमिक डिस्कच्या गाडीत केली असती तर परिणाम सुधारला नसता. हलकी डिस्क तेवढ्याच उष्णतेने जास्त तापते, आणि तिच्या शेजारी तेच ऑईल असते.

सिरॅमिकच्या बाजूने नेहमी एक मुद्दा येतो की ती जन्मभर टिकते, त्यामुळे शेवटी स्वस्त पडते. रस्त्यावरच्या वापरात ती खूप टिकते हे खरे. पण वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत बिडाची डिस्कसुद्धा मालक गाडी विकेपर्यंत टिकते. झिजली तर पुढची जोडी सिरॅमिकच्या एका डिस्कच्या अंशात येते. राहिला गंज. पावसाळ्यात दोन दिवस उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस थर येतो आणि पहिल्या चार-दोन ब्रेकमध्ये पुसला जातो. सोलापूरच्या पावसाची तर आपण देव पाण्यात घालून वाट बघतो. वजनाचा फायदा मात्र मी नाकारत नाही. चाकाशी वजन कमी झाले की गाडी खड्ड्यावर हलकी वागते, स्टिअरिंगला जिवंतपणा येतो. ज्याला तो फरक खरोखर कळतो त्याने त्यासाठी पैसे द्यावेत. ज्यांना कळतो अशी माणसे मला फार थोडी भेटली आणि त्यातले कोणीही कॅलिपरच्या रंगाबद्दल बोलले नव्हते.

पण सिरॅमिकची डिस्क संपते ती झिजून नाही, आपल्या हातांनी. हे कॅटलॉगात नसते. काठावर ती ठिसूळ. चाक काढताना-बसवताना रिम डिस्कच्या कडेवर आपटला तर टवका उडतो, आणि टवका ठराविक मापापेक्षा मोठा असला तर डिस्क बाद. म्हणून चाक काढताना हबला लांब गाइड पिन लावून चाक त्यावरून अलगद सरकवायचे असते. आता मला सांगा, इंदापूरच्या पुढे पंक्चर झाले. अशा बहुतेक गाड्यांत स्टेपनी नसते. ढाब्याशेजारच्या पंक्चरवाल्याकडे गाडी ढकलत नेली. पोरगा सोळा-सतरा वर्षांचा, अंगात जोर, हातात पान्हा. त्याने बोल्ट सोडले, चाक अडकले म्हणून आतल्या बाजूने लाथ घातली, जशी तो ट्रकच्या चाकाला घालतो. चाक निघाले, रिम डिस्कवर आदळला. त्याला बोलण्यात अर्थ नाही, त्याला कोणी पिन दाखवली आहे? अशाच एका गाडीची डिस्क मी पाहिली. काठावर बोटाचे पेर बसेल एवढा टवका आणि त्यातून काळे तंतू बाहेर. मालकाने पंक्चरचे काही शे रुपये दिले होते. डिस्क परदेशातून मागवावी लागली, गाडी कित्येक आठवडे जॅकवर, आणि जोडी बदलायची म्हणून दुसऱ्या बाजूची चांगली डिस्कही गेली. विमा कंपनीने झीज-तुटीत मोडते म्हणून हात वर केले. बिडाच्या डिस्कला असा दणका बसला असता तर पोराने फडक्याने पुसून चाक चढवले असते.

ब्रेकबद्दल बोलताना पुण्याचे कल्याणीनगर टाळता येत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे तिथे एका भरधाव पोर्शने मोटरसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता असा आरोप आहे. पुढे परिवहन खात्याने सांगितले की त्या गाडीची कायम नोंदणी झालेलीच नव्हती, कारण १,७५८ रुपयांचे शुल्क भरलेले नव्हते. त्या रात्री ब्रेक कोणत्या धातूचे होते हा प्रश्न कोणाला पडला नाही, पडायचे कारणही नव्हते. ज्या घरात गाडीच्या किमतीला हरकत नसते आणि किल्ली कोणाच्या हातात जाते यालाही हरकत नसते, त्या घराला कोणतीही डिस्क वाचवू शकत नाही. आणि व्यवस्थाही तशीच. खासगी मोटारीला पहिली पंधरा वर्षे फिटनेसची तपासणी नाही. पीयूसीवाला धूर बघतो. ब्रेक ऑईल कुजले, टायर दगड झाले, पॅड पत्र्याला लागले, तरी आरटीओत कोणी विचारत नाही. तीनशेच्या वेगाची गाडी आणि मोहोळच्या आठवडी बाजारातून चालणारी म्हातारी एकाच रस्त्यावर, आणि त्या गाडीचे ब्रेक शेवटचे कोणी पाहिले याची नोंद कुठेही नाही. याची चीड जर स्पोर्ट्स कार घेणाऱ्यांना येत नसेल तर त्यांनी ब्रेकच्या दर्जाबद्दल बोलूच नये.

वर्कशॉपमध्ये आलेल्या त्या मुलाला मी सरळ सांगितले. लोखंडी ब्रेक घे, कॅलिपर लाल येऊ देत. वाचलेल्या पैशातून दर चार-पाच वर्षांनी चारही टायर बदल, नक्षी शिल्लक असली तरी. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑईल. आणि एकदा कोइमतूरला नाहीतर चेन्नईला जाऊन एखाद्या चांगल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पूर्ण ताकदीने ब्रेक मारायला शिक. कारण आपल्याकडे पुष्कळ लोक आणीबाणीत पेडल अर्धेच दाबतात आणि एबीएसची थरथर आली की घाबरून पाय उचलतात.

नवी गाडी न परवडणारे आता दिल्ली-मुंबईहून जुन्या स्पोर्ट्स कार आणू लागले आहेत. त्यांच्यासाठी हे शेवटचे, कारण या बाजारात सध्या सगळ्यात मोठी लूट इथे चालू आहे. जाहिरातीत ‘सिरॅमिक ब्रेक’ हे ठळक अक्षरात आणि त्यापोटी किंमत चढवलेली. सिरॅमिकची डिस्क जाडीवरून कळत नाही. ती ट्रॅकवर भाजलेली असली तरी मापात नव्यासारखी भरते. आतला कार्बन जळाला की घटते ते वजन. पुष्कळ डिस्कवर हबजवळ किमान वजन ग्रॅममध्ये कोरलेले असते. तेव्हा सौद्याआधी चाके काढायला लावा, पिन लावून. डिस्क उतरवा, पुसा आणि साध्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. काठावर चारही बाजूंनी बोट फिरवून टवका बघा. वजन किमान आकड्याच्या जवळ आले असेल तर चार डिस्कची किंमत सौद्यातून वजा करा. ती वजा केल्यावर विकणारा तयार होत नसेल, किंवा चाके काढू देत नसेल, तर किल्ली टेबलावर ठेवा आणि रात्रीच्या गाडीने सोलापूरला परत या.